इसाबेला मॅकरे, वय वर्षं दोन

नाव

"वाच," सगुणा सिस्टर म्हणाल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीतून काढलेला एक कागद त्यांनी माझ्या टेबलावर सरकवला. "मोठ्यानं वाच. चष्म्याशिवाय मला दिसत नाही, आणि चष्मा घालून हे वाचलं की दिवसभर डोकं दुखतं."

मी वाचलं. मिशनच्या जुन्या अनाथाश्रमाच्या दाखल्याची नक्कल होती. इसाबेला मॅकरे. वय अंदाजे दोन वर्षं. दाखल नोव्हेंबर १८८१. बाप अलेक्झांडर, मिशनच्या छापखान्यात फोरमन, मूळ राहणार स्कॉटलंड, मयत. आई जीन, मयत.

"ही माझी आजी," सिस्टर म्हणाल्या. "आईची आई. आमच्यात तिला इजाबाई म्हणायचे."

"मग माझ्याकडं काय काम काढलंत?"

"ती ह्या दोघांची मुलगी होती, असं तू लिहून द्यायचं. शिक्क्यासकट."

१९९६ चा नोव्हेंबर. मी बोरखेडी कॅम्पातल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ऑफिसात कारकून होते. बाप्तिस्मा, लग्न, दफन, तिन्ही रजिस्टरं माझ्या ताब्यात. त्या महिन्यात ऑफिसात गर्दी होती, कारण कबरस्तानाच्या कमिटीनं नोटीस लावली होती. जागा संपली होती. जुन्या भागातल्या ज्या कबरींवर कुणी हक्क सांगणार नाही, त्यांचे दगड काढून ती जागा नव्या दफनांना मोकळी करायची होती. मुदत एकतीस जानेवारी. हक्क सांगायचा तर रजिस्टरवरून नातं सिद्ध करायचं, आणि ते सिद्ध झाल्याचा कागद द्यायचे मी.

"इजाबाईंची कबर तर नव्या भागात आहे," मी म्हणाले. "तिला कोण हात लावतंय?"

"तिची नाही. लहानीची."

"कुठल्या लहानीची?"

सिस्टर खुर्चीत मागं टेकल्या. बहात्तर वर्षांची बाई, मिशन दवाखान्यात छत्तीस वर्षं सुईण. कॅम्पातली निम्मी माणसं त्यांच्या हातांवर जन्मलेली, त्यामुळे कुणाच्याही घरात न विचारता शिरायचा आणि कुणालाही अरेतुरे करायचा परवाना त्यांना होता. डोळे मात्र विचित्र. उन्हात हिरवे दिसायचे.

"मी सहा-सात वर्षांची असेन," त्या म्हणाल्या. "आजी मला कबरस्तानात न्यायची. जुन्या भागात, कडुलिंबाच्या पलीकडं. तिथं एक एवढासा दगड आहे." त्यांनी हातानं माप दाखवलं, उशीएवढं. "पदरानं पुसायची. मग मला म्हणायची, सगुणा, वाच. मला इंग्रजी कुठलं येतंय? मग तीच वाचून दाखवायची. इसाबेला, अलेक्झांडर आणि जीन मॅकरे यांची लाडकी मुलगी, वय दोन वर्षं. आणि म्हणायची, ही मी."

"ही मी?"

"ही मी. अशी हसून वगैरे नाही. तू आपलं नाव सांगतेस ना, तशी."

मी पेन खाली ठेवलं.

"लोक वेडी म्हणायचे तिला. माझी आई पण म्हणायची. तुझ्याआधी ह्या खुर्चीत दोन कारकून होऊन गेले, त्यांनी दोघांनी दफनाचं रजिस्टर बघून मला सांगितलं की मॅकरेची इसाबेला अठराशे अठ्ठ्याहत्तर साली मेली. मग अनाथाश्रमात ऐंशीनंतर आली ती कोण? तर म्हणे कुणातरी साहेबाची चोरून झालेली पोर असेल. तिला द्यायला नाव नव्हतं, म्हणून मेलेल्या पोरीचं दिलं असेल." त्या थांबल्या. "माझ्या लग्नाच्या बोलणीत हे निघालं होतं. पाहुणे चहा अर्धा ठेवून उठले. म्हणून मी सिस्टरच राहिले. त्याचं मला काही नाही, कारण तो मुलगा पुढं फार दारू प्यायला लागला. पण आजी कोण होती ते मला कळायला पाहिजे. आणि तो दगड हलता कामा नये."

जाताना त्यांनी माझ्या पोटाकडं पाहिलं. पाच महिने झाले होते, मी साडी सैल नेसायचे.

"कधीची तारीख दिलीय?"

"मार्च."

"खातेस का नीट?"

"खाते."

"खोटं बोलतेस. गालावरनं कळतं."

आईबापाचं नाव

ते शोधायला मला आठवडा लागला. मॅकरे कुटुंब हाती लागत नव्हतं. छापखान्याच्या पगारपत्रकात अलेक्झांडर होता, मग तीन वर्षं गायब, मग पुन्हा होता. त्याच्या मृत्यूची नोंद सापडली: सप्टेंबर १८८१, ताप. बायकोची सापडेना. जीन मॅकरे नावाची एकही बाई आमच्या कबरस्तानात पुरलेली नव्हती.

"पळून गेली असेल," सिस्टर म्हणाल्या. रोज दुपारी चारला त्या येऊन बसायच्या, माझ्यासाठी डब्यातून शेंगदाण्याचा लाडू आणायच्या आणि मी तो संपवेपर्यंत बघत राहायच्या. "नवरा छापखान्यात दिवसभर अक्षरांचे खिळे जुळवत बसलाय, बाहेर हे ऊन. मी असते तर मीपण गेले असते."

"दाखल्यात मयत लिहिलंय."

"पळून गेलेल्या बाईला मयतच लिहितात."

स्कॉटलंडला पत्र लिहायची कल्पना त्यांचीच. दवाखान्यात पूर्वी असलेल्या एका मिशनरी डॉक्टरीणबाईनं त्यांना नाताळच्या कार्डात एक पत्ता कळवला होता. तिच्या गावाकडं काही निवृत्त माणसं एकत्र जमून जुन्या कुटुंबांचा शोध घेतात, फुकट.

"म्हातारपणी त्यांना तिकडं हाच उद्योग," सिस्टर म्हणाल्या. "मेलेल्यांचे पत्ते काढायचे. आपल्याकडं जिवंतांचे सापडत नाहीत."

मी इंग्रजीत पत्र लिहिलं. अलेक्झांडर, जीन, इसाबेला, एवढी नावं, एवढी सालं, काही माहिती असल्यास कृपया. परदेशी टपालाच्या निळ्या कागदावर दोन्ही बाजूंनी. सिस्टरांनी स्वतः पोस्टात नेऊन टाकलं.

मग मी बाप्तिस्म्याचं रजिस्टर काढलं. कसर लागून कडा जाळीसारख्या झालेल्या. पानं उलटताना बोटांना भुकटी लागायची.

क्र. ४१. इसाबेला. जन्म जून १८७६. बाप अलेक्झांडर मॅकरे. आई जीन.

दफनाच्या रजिस्टरात:

क्र. ११२. इसाबेला मॅकरे. वय वर्षं दोन. सप्टेंबर १८७८. घटसर्प.

बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातली पुढची पानं मी १८८१ पर्यंत चाळली. मग सिस्टरांना दाखला टाइप करून दिला. त्याची कार्बन प्रत अजून माझ्याकडे आहे. "मंडळीच्या नोंदींनुसार इसाबेला मॅकरे हिचा मृत्यू १८७८ साली झाला असून त्यानंतर सदर आईबापांच्या पोटी अन्य कन्येची नोंद आढळत नाही." खाली माझी सही. रूथ पाटोळे, कारकून.

सिस्टरांनी चष्मा घातला आणि दाखला स्वतः वाचला. दोनदा.

"आढळत नाही," त्या म्हणाल्या.

"नाही सिस्टर."

"तू नीट बघितलंस?"

"बघितलं."

त्यांनी कागदाची घडी घातली. डबा उघडलाच नाही त्या दिवशी. दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "म्हणजे माझी आजी मेलेल्या पोरीचं नाव घेऊन फिरणारी कुणीतरी होती."

त्यानंतर त्या चारला यायच्या बंद झाल्या.

मृत्यूचं कारण

हा रकाना भरायला मी बसले की

आमच्या घरात भिंतीवर एक खिळा होता. मुलीचा फोटो काढून ट्रंकेत ठेव, असं मीच दानिएलला सांगितलं. त्यानं काढला. माझा नवरा सांगितलेलं ऐकणारा माणूस. तिचे कपडेही मीच बांधले. तिचं नाव घरात कुणी घ्यायचं नाही, हेसुद्धा

ते तापानं नव्हे. ताप उतरला होता. संध्याकाळी तिनं भात मागितला होता.

नाही.

दोन वर्षं आणि चार महिने. एवढंच लिहिता येतं.

नव्यानं दिवस गेल्याचं सासूबाईंना कळलं तेव्हा त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि प्रार्थना संपल्यावर डोळे न उघडताच म्हणाल्या, "तीच येतेय बघ परत."

"आई, असं म्हणू नका."

"का नको? आमच्यात तर असंच—"

"ती नाही येत. ही दुसरी आहे."

"दुसरी तर दुसरी. मी वाईट कुठं म्हटलं?"

पण त्या दिवसापासून मी बघत होते. सासूबाई माझ्या पोटाशी बोलायच्या तेव्हा कुणाशी बोलतात ते. दानिएल रात्री पोटावर हात ठेवायचा तेव्हा कुणाला शोधतो ते. माझ्या वडिलांचं नाव धोंडिबा होतं. त्यांच्याआधीची दोन भावंडं गेली, म्हणून आजीनं तिसऱ्याला दगडाचं नाव दिलं, कुणाची नजर जाऊ नये म्हणून. ते मला समजत होतं. मेलेल्याच्या आसपास फिरकू नये, इतकं लांबचं नाव द्यावं, हे समजत होतं.

शेरा

जानेवारीच्या बावीस तारखेला स्कॉटलंडहून उत्तर आलं. लिहिणारी मिसेस मॉराग टेलफर, निवृत्त शाळामास्तरीण. अक्षर गोल, पाट्यांवर लिहून वळलेलं.

तिनं अलेक्झांडरचं लग्न शोधून काढलं होतं. बायकोचं माहेरचं नाव गन. जीनच्या आईचं नाव इसाबेला. मग तिनं लिहिलं होतं (मी तेव्हाच उतरवून घेतलेलं देते):

"आमच्याकडे पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव द्यायची पद्धत होती. ते नाव मुलीचं नसे, घराचं असे. मुलगी ते फक्त वाहून नेई. ती मुलगी गेली तर नाव खाली पडू द्यायचं नाही म्हणून पुढच्या मुलीला तेच देत. माझी स्वतःची आई तिसरी मार्गारेट. तिच्याआधीच्या दोन मार्गारेट एकाच खड्ड्यात आहेत. तेव्हा तुमच्या रजिस्टरात १८७८ नंतर आणखी एक इसाबेला आहे का ते कृपया बघा. माझी खात्री आहे की असेल. आणखी एक. आमच्या बायका लग्नानंतरही कागदावर आणि दगडावर माहेरचंच आडनाव ठेवत. जीन मॅकरे शोधू नका. जीन गन शोधा."

मी खुर्चीत बसून राहिले. शिपाई येऊन विचारून गेला, बाई चहा सांगू का, आणि मी हो म्हणाले की नाही, आठवत नाही.

वर मी लिहिलं आहे, पुढची पानं मी १८८१ पर्यंत चाळली. ते खरं नाही. १८७९ पर्यंत चाळली.

क्र. ६७. इसाबेला. जन्म फेब्रुवारी १८७९. बाप अलेक्झांडर मॅकरे. आई जीन.

नोंद तिथं होती. मी ती वाचली होती. सप्टेंबरमध्ये मातीत ठेवलेल्या मुलीचं नाव फेब्रुवारीत जन्मलेल्या मुलीला. मी मनाशी म्हटलं, ही लिहिणाऱ्याची चूक आहे. जुनी नोंद चुकून पुन्हा उतरवली. तारीख वेगळी होती ते मी पाहिलं होतं, महिनाही वेगळा होता ते पाहिलं होतं, आणि तरी मी म्हटलं, चूक. कुठलीही आई असं करणार नाही. पोटातली हलली. मी पान उलटलं, रजिस्टर बंद केलं, आणि टाइपरायटरवर कागद चढवला.

उत्तर आलं त्या दिवशी मी दफनाचं रजिस्टर पुन्हा काढलं. जीन गन. फेब्रुवारी १८७९. वय एकोणतीस. बाळंतपण. मुलीच्या जन्मानंतर सहा दिवसांनी.

सिस्टरांच्या घरी गेले तेव्हा दुपारचं ऊन होतं. त्या अंगणात खाटेवर बसून तांदूळ निवडत होत्या.

"ये," त्या म्हणाल्या. "पाय सुजलेत तुझे. वर घे."

"सिस्टर, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"मुदत वाढली?"

"नाही. मी तुम्हाला खोटा दाखला दिला."

त्यांनी ताट बाजूला ठेवलं. मी सगळं सांगितलं. पत्र वाचून दाखवलं, मराठीत करून. क्रमांक सदुसष्ट सांगितला. पान उलटल्याचं सांगितलं. 

"दोन महिने," त्या शेवटी म्हणाल्या. "दोन महिने मी रोज प्रार्थनेत आजीची माफी मागतेय. आजी, तुला मी कुणाची कोण समजत होते आणि तू निघालीस कोण, म्हणून."

"मला माफ करा सिस्टर."

"गप्प बस जरा. मला विचार करू दे."

त्यांनी तांदळाचा एक दाणा उचलला, बघितला, टाकून दिला.

"तुझी गेली तेव्हा मी दवाखान्यात नव्हते," त्या म्हणाल्या. "रिटायर झाले होते. दुसऱ्या दिवशी कळलं. मी आले होते तुझ्याकडं. आठवतंय?"

"नाही."

"तू दार लावून बसली होतीस. तुझ्या सासूला म्हणाले, येईन परत. नाही आले." मग एकदम म्हणाल्या, "रूथ, माझी आजी लिहायला-वाचायला कधी शिकली ठाऊक आहे का तुला?"

"नाही."

"अनाथाश्रमात आठव्या वर्षी इंग्रजी शिकवायला घ्यायचे. ईस्टरच्या आधी पोरींना कबरस्तान झाडायला न्यायचे, आमच्या वेळेपर्यंत न्यायचे. आता बघ. आठ वर्षांची पोर. नुकती अक्षरं लावायला शिकलीय. खराटा घेऊन दगड झाडतीय आणि दगडावर अक्षरं लावते, तर तिचं नाव. तिच्या आईचं नाव, बापाचं नाव. वय दोन वर्षं."

मी खाटेवरून पाय खाली घेतले.

"आणि कुणी सांगितलंच नाही तिला," सिस्टर म्हणाल्या. "आईबाप गेलेले. मेट्रनला ठाऊक असेल नसेल. तिला बहीण होती, तिच्याआधी होती, तिचंही नाव हेच होतं, एवढं एक वाक्य. कुणीच नाही सांगितलं. मग ती पोर काय समजेल? आपण मेलोय. इथं आपल्याला पुरलंय. आणि तरी आपण खराटा घेऊन उभ्या आहोत."

त्या उठल्या. आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"ऐंशी वर्षं जगली ती," त्या म्हणाल्या. "अशी."

अर्जदाराचं मृताशी नातं

तो अर्जाचा पाचवा रकाना होता. कमिटी एकतीस तारखेला सकाळी अकराला पाळकांच्या ऑफिसात बसली. पाळक थोरात, खजिनदार मकासरे आणि मी बैठकीची मिनिटं लिहायला. सिस्टर कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून आल्या होत्या, जणू ड्यूटीवर.

मकासरेंनी माझा नोव्हेंबरातला दाखला वर धरला. "पाटोळेबाई, तुम्हीच लिहून दिलंय. आढळत नाही."

"आढळली होती साहेब. मी पान उलटलं."

"म्हणजे नजरचूक."

मला तो शब्द घेता आला असता. मकासरे तो माझ्या हातात ठेवत होते, माणूस वाईट नव्हता. नोकरी राहिली असती, रजिस्टरांवर विश्वास राहिला असता.

"नजरचूक नाही. बघितली आणि सोडली."

"का पण?"

पाळक माझ्याकडे बघत होते. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या दफनाची प्रार्थना त्यांनीच केली होती.

"मेलेल्या मुलीचं नाव पुढच्या मुलीला द्यावं, हे मला सोसलं नाही," मी म्हणाले. "म्हणून ती नोंद खोटी आहे असं मी ठरवलं. माझ्यासाठी ठरवलं आणि सिस्टरांच्या कागदावर सही केली."

मकासरेंनी खोकल्यासारखं केलं. पाळक म्हणाले, "मिनिटांत हे असं नको लिहू, रूथ."

"लिहू दे," सिस्टर म्हणाल्या. "लिहून राहू दे. पुढच्या कारकुनाला उपयोग होईल."

मग मी तिन्ही नोंदी टेबलावर उघडून दाखवल्या. क्रमांक एक्केचाळीस, एकशे बारा, सदुसष्ट. जीन गनची चौथी. पाळकांनी बोट ठेवून वाचल्या. अडायचं काही नव्हतं. एकच रकाना राहिला होता.

"नातं काय लिहू सिस्टर?" मी विचारलं.

नोव्हेंबरात अर्ज पहिल्यांदा भरताना त्या जागी त्यांनी पेन्सिलनं स्वतः लिहून आणलं होतं: आजी. मी कागद त्यांच्यापुढे धरला. त्या पेन्सिलच्या अक्षरांकडे बघत राहिल्या.

"तिनं तसंच सांगितलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "ही मी."

"तसं ठेवायचं असेल तर—"

"नाही. खोड ते."

मी खोडलं. त्यांनी मला एकेक शब्द सांगितला, मिशन दवाखान्यात नव्या नर्सला औषध सांगावं तसा, पुन्हा विचारायची वेळ येऊ नये अशा आवाजात. मी लिहिलं: "आजीची मोठी बहीण."

"आता आजीच्या कबरीवर जाऊन तिला वाचून दाखवते," सिस्टर म्हणाल्या. "उशीर झालाय, पण तिला कळायला पाहिजे."

मीही गेले. नव्या भागात इजाबाईच्या कबरीशी त्या उभ्या राहिल्या, अर्जाची प्रत हातात धरून. चष्मा घातला. मोठ्यानं वाचलं, तारखेपासून सहीपर्यंत, रकान्याच्या मथळ्यांसकट. मग आम्ही जुन्या भागात गेलो. लहान दगडाच्या डाव्या अंगाला, गवतात, एक आडवा पडलेला दगड होता. त्याच्यावर इतकी वर्षं लोक बूट पुसायचे. माती काढली तेव्हा अक्षरं वर आली. जीन गन. आई मुलीच्या शेजारीच होती आणि सगळ्यांनी तिला परकी समजून सोडून दिलं होतं.

"पळाली नव्हती," सिस्टर म्हणाल्या. एवढंच.

मला कमिटीनं समज दिली. ती योग्य होती. मार्चपासून मी बाळंतपणाच्या रजेवर गेले आणि परत त्या खुर्चीत बसले नाही.

जन्मतारीख

नऊ मार्च १९९७, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. सिस्टर निवृत्त होत्या तरी आल्या. तरुण डॉक्टरनं आक्षेप घेतला तेव्हा त्या म्हणाल्या, "बाळा, तू पण माझ्याच हातावर आलायस. उलटा आला होतास. बाजूला हो."

मुलगी होती. धुऊन, गुंडाळून त्यांनी ती माझ्या छातीवर ठेवली. दानिएल उशाशी. सासूबाई दारात उभ्या होत्या, आत यावं की नाही अशा.

"नाव ठरलं का हिचं?" सिस्टरांनी विचारलं.

"हिचं अजून नाही."

दानिएलनं माझ्याकडं पाहिलं. मुलीनं एक डोळा उघडला होता, दुसरा चिकटलेला. मी तिच्या कानाशी तोंड नेलं.  

"तुला एक मोठी बहीण होती," मी तिला सांगितलं. "तिचं नाव मिर्याम."

दारातून सासूबाईंनी ते नाव माझ्यामागून म्हटलं. मग दानिएलनं म्हटलं. त्याला ते नीट म्हणता आलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं.